पुसलेली वाटचाल

आम्रपाली चंदनशिवे सांगलीतल्या एका बी.एड. कॉलेजात नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचा विचार होता, एक-दोन वर्षं इथं काढायची आणि मग साताऱ्याकडं बदली मागायची. खासगी संस्थेत बदली अशी मागून मिळत नसते, हे त्यांना पुढं कळलं. मग त्या सांगलीतच राहिल्या. विश्रामबागेत एक खोली, कॉलेजला जायला सायकल, आणि मोठी सुट्टी लागली की लोणंदला आईकडं, असं त्यांचं चाललं होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं."

वडील आप्पासाहेब रेल्वेत गँगमन होते. रुळाखालची खडी ठोकण्यात त्यांचा जन्म गेला. आई येसूबाई लोणंदच्या बाजारात कांदा निवडायला जायची. छपन्न साली दीक्षा घेतलेल्या आप्पासाहेबांनी घरात एक गोष्ट ठरवून टाकली होती. पोरीनं शिकायचं, आणि शिकून दुसऱ्याला शिकवायचं. त्याप्रमाणं आम्रपाली आधी शिक्षिका झाल्या, आणि नंतर शिक्षकांना शिकवणाऱ्या झाल्या.

त्यांच्या स्वतःच्या बी.एड.च्या वेळची एक गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. वर्षभर त्यांनी जीव ओतून सराव पाठ घेतले. शेवटी वार्षिक पाठाचा दिवस आला, आणि नेमकी त्याच दिवशी शाळेत लस टोचायला माणसं आली. निम्मा वर्ग दंड धरून रडत होता. परीक्षक आले ते घंटा व्हायच्या बेतात. दारातच उभे राहिले, कागदावर "आवाज लहान" असं लिहिलं आणि गेले. वर्षभराच्या कष्टावर तेवढेच दोन शब्द. आपण पहिल्या दिवशी कुठं होतो आणि शेवटी कुठं पोचलो, हे कुणालाच दिसलं नाही, याचं दुःख त्यांना गुणांपेक्षा मोठं वाटलं.

म्हणून शहाण्णव साली पुण्याच्या एका उजळणी वर्गात त्यांनी जे ऐकलं ते त्यांच्या मनात घर करून बसलं. परदेशात राहून आलेले एक प्राध्यापक सांगत होते, की तिकडच्या काही विद्यापीठांत विद्यार्थ्याचं काम कॉम्प्युटरवर साठवून ठेवतात. चांगलं झालेलं तर ठेवतातच, पण पहिला चुकलेला प्रयत्नही ठेवतात. त्यावर शिक्षकाचं म्हणणं, मग दुसरा प्रयत्न, आणि या सगळ्याकडं मागं वळून बघत विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेलं, की मला काय कळलं. वर्गातली बाकीची मंडळी चहाची वाट बघत होती. आम्रपाली मॅडम मान खाली घालून उतरवून घेत होत्या.

त्यांच्या कॉलेजात तेव्हा नवे कॉम्प्युटर आले होते. थंड हवेच्या खोलीत, प्लास्टिकच्या झाकणाखाली. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. दसऱ्याला त्यांना हार घालत. एरवी त्यांना कुणी हात लावत नसे.

मॅडम प्राचार्यांकडं गेल्या.

"बिघडले म्हणजे?" प्राचार्य म्हणाले.

"न वापरताही बिघडतातच, सर."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. विद्यापीठानं लेखी परवानगी दिली तर माझी हरकत नाही, असं म्हणून त्यांनी विषय टोलवला. मॅडमनी विद्यापीठाच्या खेपा घातल्या. शेवटी, अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये, त्यांच्या गटातल्या विद्यार्थ्यांपुरती परवानगी मिळाली. या गटानं सराव पाठांची फाईल हातानं लिहायची नाही. वर्षअखेरीला विद्यापीठाची समिती येईल, ती कॉम्प्युटरच्या पडद्यावरच त्यांचं काम बघेल आणि अंतर्गत गुण कायम करेल.

मॅडमनी त्या प्रयोगाला नाव दिलं, 'वाटचाल'.

प्रत्येकाचा कॉम्प्युटरवर एक कप्पा. त्यात घेतलेल्या प्रत्येक पाठाचं टाचण, म्हणजे काय शिकवणार त्याचा आराखडा. मग पाठ घेऊन आल्यावर बदललेलं टाचण. मागं बसून पाठ बघणाऱ्या सोबत्याचं मत. टेपवर घेतलेला पाठ, त्यातला एखाद्या मिनिटाचा तुकडा कॉम्प्युटरमध्ये भरलेला. आणि सगळ्यांत खाली 'आज मला काय कळलं' असा मथळा आणि पुढं मोकळी जागा. मॅडम तिथं बरोबर किंवा चूक असं कधी लिहीत नसत. एखादा प्रश्न लिहून ठेवत. त्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पाठात शोधायचं.

गटात कडेगावचा दादासो होता, उसाच्या बागायतदाराचा मुलगा, बोलण्यात तरबेज. तो हसत म्हणायचा, "मॅडम, लोक चुका झाकत्यात, आन तुमी साठवाय सांगताय व्हय?" आणि त्याच गटात हरणा होती.

हरणा आटपाडीजवळच्या एका वाडीतली. आजीचं नाव तिला ठेवलं होतं आणि त्या नावावरून पहिल्याच दिवशी वर्गात हसू झालं होतं. तिचे वडील, नाव गुंडा, मेंढरं राखायचे. वाडीतली निम्मी माणसं परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या कामाला गेलेली. हरणाला बी.ए.पर्यंत वडिलांनी अडवलं नाही. बी.एड.ला मात्र म्हणाले, "एक वरीस देतो. त्यात काय करायचं ती कर."

तिचा पहिला पाठ सांगलीतल्या एका शाळेत झाला. सहावीचा वर्ग, विषय बाष्पीभवन. हरणा फळ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि टाचण वाचून दाखवल्यासारखी बोलत सुटली. एकदा तोंडून "न्हाई" निघून गेलं तर पोरांनी तिची नक्कल केली. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

मॅडमनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि तिचाच आवाज तिला ऐकवला.

"ह्यो माझा आवाज?" हरणा म्हणाली. "मी असं भांडल्यावानी बोलती?"

"पुन्हा ऐक. आवाजाकडं लक्ष देऊ नको. पोरं काय करतायत ते ऐक."

हरणानं पुन्हा ऐकलं. पोरं काहीच करत नव्हती. तिनं तेवढंच लिहिलं, 'पोरं गप होती.' मॅडमनी खाली प्रश्न टाकला, 'का?'

तो एक शब्द हरणाला महिनाभर झोंबत राहिला. ती टायपिंगला सगळ्यांच्या पुढं गेली. बाकीचे आधी कागदावर लिहायचे आणि मग ते मशीनवर उतरवायचे. हरणा सरळ पडद्यावर लिहायला लागली. मधल्या सुट्टीत ती त्या थंड खोलीत अनवाणी बसून आपलेच जुने पाठ वाचत असे, ऐकत असे. दिवाळीच्या थोडं आधी ती धावतच मॅडमकडं आली.

"मॅडम, घावलं! मी प्रश्न इचारती आन मीच उत्तर देती. पोरांनी तोंड उघडायच्या आत. समद्या पाठात त्येच हाय. मी थांबतच न्हाई."

सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला 'प्रश्नानंतर थांबावे' हे मॅडमनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. सगळ्यांनी ते वहीत उतरवलं होतं, हरणानंही. पण कळलं ते आत्ता.

जानेवारीत हरणानं बाष्पीभवनाचा तोच पाठ पुन्हा मागून घेतला. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि काहीच न बोलता बाजूला झाली. फळा वाळत गेला. मग तिनं विचारलं, "पाणी कुठं गेलं?" आणि थांबली. मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमना ती शांतता असह्य झाली. आता ही बोलणार, असं त्यांना वाटत होतं. हरणा बोलली नाही. मग खिडकीशी बसलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या विहिरीतलं पण असंच जातं का?" आणि वर्ग उघडला. पोरं एकमेकांना तोडून बोलायला लागली. या खेपेला हरणाच्या तोंडून "न्हाई" निघालं तेव्हा कुणाचं तिकडं लक्षही गेलं नाही.

त्या पाठाचा तुकडा कॉम्प्युटरमध्ये भरताना मॅडमनी मुद्दाम तो प्रश्न आणि त्याच्यापुढची शांतता घेतली. पहिल्या पाठाचा आवाज आणि हा आवाज, एकापाठोपाठ एक ऐकले की दुसरं काही सांगायची गरज नव्हती. समितीला हेच दाखवायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं. लोणंदला गेल्या तेव्हा आईलाही त्या सांगत बसल्या. येसूबाईला कॉम्प्युटर कळत नव्हता, पण लेकीला इतकं बोलताना तिनं बऱ्याच वर्षांनी बघितलं होतं.

एप्रिलमध्ये लेखी परीक्षा झाली. मे महिन्यात समिती येणार होती. सव्वीस एप्रिलला, सोमवारी सकाळी, मॅडम थंड खोलीत गेल्या, चपला काढल्या, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. दुसरा लावला, तोही तसाच. तिसरा सुरू झाल्यासारखा झाला आणि गप्प झाला.

मिरजेहून दुरुस्तीवाला आला. त्यानं एक-एक पेटी उघडली आणि मान हलवली.

"मॅडम, आज सगळीकडं हेच चाललंय. व्हायरस हाय. कुणाच्या तरी फ्लॉपीतनं कवाच आत शिरून बसला असंल. आजची तारीख उजाडली आन त्यानं सगळं पुसलं."

"पुसलं म्हणजे? आतलं काम?"

"गेलं."

"थोडं तरी निघेल?"

"मला तर जमायचं न्हाई. कुणाला जमंल असं वाटत बी न्हाई."

मॅडमनी प्रती काढून ठेवल्या नव्हत्या असं नाही. पण आवाजाचा एक तुकडा ठेवायला अख्खी फ्लॉपी जाई, आणि फ्लॉप्या मागायला गेलं की ऑफिसातून जुन्याच पुसून वापरा असं उत्तर येई. दिवाळीपर्यंतच्या लेखी कामाच्या प्रती तेवढ्या कपाटात होत्या. दुरुस्तीवाल्यानं त्या आपल्या दुकानातल्या मशीनवर लावून बघितल्या. बऱ्याच वाचल्याच गेल्या नाहीत. पावसाळ्यात बुरशी धरली होती. ज्या वाचल्या त्यांत दादासोचं थोडं होतं, आणखी एकदोघांचं होतं. हरणाचं काही नव्हतं.

प्राचार्यांनी गटाला हॉलमध्ये बोलावलं. सोबत त्यांनी मागल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या फायली शिपायाकडून आणून ठेवल्या होत्या.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "समितीला फाईल लागते. हाताशी काय रफ कागद असतील ते घ्या, नसेल तिथं या नमुन्यावरून लिहा. मागच्या तारखा टाका. विचारलं तर कागदावरही लिहीत होतो म्हणायचं. चंदनशिवे मॅडम सह्या करतील."

मॅडम त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेल्या.

"सर, विद्यापीठाला खरं कळवू या. मुदत मागू."

"कळवलंय मी. फोन केला होता. ते म्हणतात, नोंद असेल तर गुण, नसेल तर शून्य. कॉम्प्युटर तुमचा, जबाबदारी तुमची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पोरं नापास झाली तर त्यांचे आईबाप माझ्या नव्हे, तुमच्या दारात येतील. सही करा आणि मोकळ्या व्हा."

हॉलमध्ये पोरं लिहायला बसली. कुणी निळी शाई वापरली, कुणी मध्येच काळी, एका दमात लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून. दादासोनं आपले कागद गच्चीवर उन्हात टाकून जुने केले. टाचणं जुन्या फायलींतून उतरवता आली. अडचण 'आज मला काय कळलं' या जागेची झाली.

"ऑगस्टात मला काय कळलं असंल रं?" एकानं विचारलं.

"फळा वापरायचा असतो, असं लिव्ह," दादासो म्हणाला. सगळे हसले. मॅडम दारात उभ्या होत्या. त्या तिथूनच मागं फिरल्या.

हरणा कोपऱ्यात कोरे कागद पुढं घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशीही तिचे कागद कोरेच होते. मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"लिही बाई. बाकीच्यांनी लिहिलं बघ."

"लिवाय बसले, मॅडम. पयला पाठ आठवला. पर चुका लिवताच येत न्हाईत. लिवाय गेलं की बरोबर लिवलं जातंय." ती कागदावरून हात फिरवत राहिली. "तवाची हरणा आता मला जमत न्हाई. खोटी चूक कशी करायची?"

"मग जुन्या फायलीतलं उतरव," त्या म्हणाल्या. हे आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

"त्या दुसऱ्या कुणाच्या चुका हाईत," हरणा म्हणाली.

मॅडमनी बाकीच्या सगळ्या फायलींवर सह्या केल्या. जुलैच्या पाठाखाली जुलैची तारीख, सप्टेंबरच्या पाठाखाली सप्टेंबरची. जिथं त्या वर्षभर प्रश्न लिहीत आल्या होत्या, तिथं त्यांनी 'छान' असं लिहिलं, कारण खोट्या पाठाला विचारायला प्रश्नच सुचत नव्हता.

समिती आली. अध्यक्षा विद्यापीठातल्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांच्यापुढं फायली मांडल्या. त्यांनी अक्षर बघितलं, समास बघितला, सह्या बघितल्या आणि पानं उलटत गेल्या. दादासोच्या फाईलशी थांबून म्हणाल्या, "सुरेख. याला म्हणतात नोंद. कॉम्प्युटर बंद पडला तरी तुमच्या पद्धतीचा उपयोग दिसतोच आहे, चंदनशिवे मॅडम."

मग हरणाचं नाव आलं. ती रिकाम्या हातानं पुढं आली.

"फाईल?"

"न्हाई, बाई. म्हंजे होती, ती गेली. पाठ मातूर मी आत्ता घेऊन दाखवती. कुटलाबी द्या."

अध्यक्षांनी तिच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "अगं, पण शाळांना सुट्ट्या लागल्यात. शिकवणार कुणाला?"

"तुमालाच शिकवती की."

समितीतलं कुणीतरी हसलं. हरणा हसली नाही. ती तशीच उभी राहिली.

त्या वेळी मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांना सांगायचं होतं, की या टेबलावर जे आहे ते सगळं बनावट आहे, आणि जिच्यापुढं काही नाही तीच एक खरी आहे. तोंडही उघडलं होतं. पण भिंतीशी ओळीनं उभी असलेली पोरं त्यांना दिसली. सांगलीत खोली घेऊन राहिलेली, नोकरीच्या आशेवर बसलेली. दादासोनं मान खाली घातली होती. एक खरं बोललं तर ही सगळी बुडणार होती आणि त्यानं हरणाची फाईल काही परत येणार नव्हती.

"काही म्हणायचंय का, मॅडम?" अध्यक्षांनी विचारलं.

"ही मुलगी चांगली शिकवते," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पाहण्यातली सगळ्यांत चांगली."

"असेल हो. पण नियमात बसेल असं काय लिहू मी?"

जूनअखेर निकाल लागला. गटातले सगळे पास झाले. लेखी परीक्षेत पहिली आलेली हरणा अंतर्गत गुणांत नापास होती. मॅडम विद्यापीठात जाऊन आल्या. तिथं एकानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. शेवटी सांगण्यात आलं, की पुन्हा प्रवेश घ्यावा आणि पहिल्यापासून सगळं वर्ष करावं.

मॅडम एसटीनं आटपाडीला गेल्या. तिथून जीपनं वाडीपर्यंत. पावसाचा टिपूस नव्हता. हरणाच्या आईनं, शालूबाईनं, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं आणि चुलीकडं वळली. गुंडा उंबऱ्यावर टेकले होते.

"आवं बाई, तुमी इतक्या लांब आलासा, तुमचा मान हाय," ते म्हणाले. "पर मी एक वरीस दिलंवतं. दिलं का न्हाई?"

"दिलंत. चूक तिची नाही. माझी आहे. पुढच्या वर्षी ती माझ्याकडं राहील, माझ्या घरात. तुम्ही काही बघू नका."

"जागा बघितलीया तिला. आमच्यातलाच पोरगा हाय, तिकडं मद्रासकडं सालेमला सोनं गाळतुय. लय निर्मळ माणसं हाईत."

मॅडमनी हरणाकडं बघितलं. ती दाराशी उभी होती, हातात रिकामी घागर.

"हरणा, तू सांग ना त्यांना."

"काय सांगू?" हरणा म्हणाली. "मॅडम, त्ये पाठ मी परत घेईन. परत लिवीन बी. पर जे पयल्यांदा कळलं, त्ये पयल्यांदाच कळतंय न्हवं? आता परत न कळल्यावानी करत बसायचं वरीसभर? माझ्याच्यानं न्हाई हुयाचं."

"सालेमला जाऊन काय करशील?"

"तितं कुणाला माझी बोली कळत न्हाई म्हनं." ती थोडं हसल्यासारखी झाली. "म्हंजे कोण हसणार बी न्हाई."

मॅडम मुक्कामाला राहिल्या नाहीत. शेवटच्या गाडीनं परतल्या. श्रावणात हरणाचं लग्न झाल्याचं त्यांना दुसऱ्याकडून समजलं.

कॉलेजात नवं वर्ष सुरू झालं. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन परत झाकणाखाली गेले. नव्या गटाला मॅडमनी हातानं फाईल लिहायला सांगितली. कधी कुणी विचारायचं, "मॅडम, मागल्या वर्षी तुमी आवाज ऐकवत होता म्हणं?" त्या म्हणायच्या, "ते बंद झालं," आणि पुढचा मुद्दा सांगायला लागायच्या. दादासो कडेगावकडच्या एका शाळेत लागला. पेढे घेऊन आला तेव्हा तो बराच वेळ बसला आणि फाईलचा विषय न काढता उठून गेला.

आणि दिवाळीनंतर विद्यापीठाकडून निरोप आला. समितीनं आपल्या अहवालात 'वाटचाल' या प्रयोगाची फार स्तुती केली होती. कॉम्प्युटर निकामी होऊनही विद्यार्थ्यांच्या नोंदी उत्तम राहिल्या, हे पद्धतीचं यश आहे, असं म्हटलं होतं. साताऱ्याला प्राध्यापकांची कार्यशाळा होती आणि तिथं मॅडमनी आपला अनुभव सांगायचा होता. प्राचार्य खूश होते. कॉलेजचं नाव होणार होतं.

मॅडम गेल्या. नकार द्यायलाही काही बळ लागतं, ते त्यांच्यात उरलं नव्हतं. साताऱ्यात त्यांना शाल दिली, नारळ दिला. अहवालातला भाग वाचून दाखवला. त्यांनी काय केलं, कसं केलं, ते त्यांनी सपाट आवाजात सांगितलं. हरणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. शेवटी एका तरुण प्राध्यापकानं हात वर केला.

"मॅडम, विद्यार्थी हे सगळं खोटंही लिहू शकतील. ते ओळखायचं कसं?"

मॅडम थांबल्या.

"ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी खोट्यावर सह्या केल्या आहेत. तुमच्यापुढं आत्ता वाचलं ते त्याच फायलींबद्दल होतं."

क्षणभर कुणाला काही समजेना. मग सूत्रसंचालक घाईघाईनं माईकशी आले आणि हसून म्हणाले, "मॅडमचा हा विनय आपण सर्वांनी घेण्यासारखा आहे." टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. मॅडम खाली उतरल्या, आणि चहाच्या वेळी दोघातिघांनी येऊन त्यांच्याकडं नमुना फाईल मागितली.

त्या सांगलीला गेल्या नाहीत. साताऱ्याहून लोणंदची गाडी धरली. येसूबाई अंगणात बसून घरापुरते कांदे निवडत होती, सडके एकीकडं, चांगले एकीकडं. लेक अवेळी आलेली बघून तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं, "कॉलेजला सुटी हाय व्हय गं?"

"न्हाई. आले अशीच."

आम्रपाली आईशेजारी पायरीवर बसल्या. शालीची पिशवी त्यांनी भिंतीशी ठेवली. येसूबाईनं ती उघडून बघितली, शालीवरून हात फिरवला.

"चांगली हाय की. मोठा मान दिला म्हणायचा."

आम्रपालींनी शाल घडी घालून परत पिशवीत ठेवली.

"आन ती पोरगी?" येसूबाईनं विचारलं. "ती गं, धनगरवाड्याची. गप ऱ्हायला शिकली म्हणत हुतीस, ती?"

"लग्न झालं तिचं. सालेमला असते. मद्रासकडं."

"तितं शाळा न्हाई व्हय? शिकवाय लागंल की तिकडं."

"शाळा असतील आई. पण तिकडची भाषा निराळी हाय."

येसूबाई लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. उन्हं उतरली होती. स्टेशनकडून मालगाडीचा आवाज आला आणि हळूहळू लांब गेला. आम्रपालींनी ढिगातला एक कांदा उचलला, दाबून बघितला, आणि तो कुठल्या बाजूला टाकायचा हे न कळून हातातच धरून बसल्या. आईनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"जा," ती म्हणाली, "तोंड धू. च्या टाकते."

आम्रपाली उठल्या नाहीत.